कार्बन कंपनी गावात आली? सही करण्याआधी ग्रामसभेनं उरकायची कामं

पांढरी बोलेरो, टॅब घेतलेली दोन पोरं आणि सरपंचाच्या अंगणात चहा. बहुतेक गावांत सुरुवात अशीच होते. पोरं गोड बोलतात: तुमचं जंगल हवेतला कार्बन धरून ठेवतं, त्याचे पैसे बाहेरून मिळतात, तुम्हाला काहीच द्यायचं नाही, फक्त एक ना हरकत द्या. कुठे हेच सोलरच्या नावानं येतं, कुठे 'पडीक जमिनीवर वृक्षलागवड' म्हणून.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेचं दप्तर सांभाळतो. आमच्याकडे ही बोलणी बरीच लांबली. शेवटी जंगलाच्या बाबतीत ग्रामसभेनं नाही म्हटलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडं लावून करार करायची ज्यांची इच्छा होती, त्या शेतकऱ्यांनी अटी बदलून घेऊन तो केला. कोणता कागद कुठे मिळतो आणि करारातल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं, हे शोधताना बरीच धावपळ झाली. तुमची ती वाचावी म्हणून क्रमानं लिहितो. असे सगळेच प्रकल्प लबाडीचे असतात असं माझं म्हणणं नाही. पण घाई नेहमी कंपनीलाच असते, गावाला नसते. एवढं धरून ठेवलं तरी अर्धं काम होतं.

१. आधी बघा, जमीन दप्तरात कशी लिहिली आहे

बोलताना आपण 'गावचं रान' म्हणतो. दप्तरात त्याच रानाचे पाच-सहा प्रकार निघतात आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. पटवाऱ्याकडून गावनकाशा घ्या आणि ज्या गटांवर कंपनीचा डोळा आहे त्या प्रत्येकाचा सातबारा काढा. मग एकेक गट तपासा.

खाजगी शेती असेल तर खातेदार कोण, आदिवासी आहे का, ते बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकणंच काय, भाडेपट्ट्यानं किंवा गहाण देणंही जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगीशिवाय चालत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यापुढे शासनाची मान्यता. 'हा पट्टा नाही, नुसता सहकार्य करार आहे' असं कोणी म्हणालं तरी जमिनीचा ताबा किंवा वापर कोणाकडे जातो ते वाचा. नाव काय दिलंय याला अर्थ नाही.

गायरान असेल तर मालकी सरकारची आणि वापर गावाचा. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये पंजाबातल्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्या निकालात सामायिक जमिनींचं महत्त्व स्वच्छ लिहिलं आहे, अर्जात तो जोडता येतो.

झुडपी जंगल हा प्रकार तर आपल्याच सहा जिल्ह्यांतला: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली दप्तरात आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच मानायची असं सांगितलं. पुष्कळ गावांत हे 'आता सगळं फॉरेस्टचं झालं' एवढंच पोचलं. पण वनहक्क कायद्यात वनजमिनीची व्याख्या मोठी आहे. कोणत्याही वर्णनाची वनजमीन तीत येते, मानीव वनंसुद्धा (म्हणजे नोंद नसली तरी वन मानलेली जमीन). म्हणजे ज्या झुडपीत गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरतात, तिच्यावर सामूहिक दावा करायला वाट मोकळी आहे.

आता निस्तार पत्रक. ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी सारावसुलीची पद्धत) गावांत, १९५१ ला मालगुजारी गेल्यावर, कोणत्या जागेत गावानं गुरं चारायची, सरपण आणायचं, माती-मुरूम काढायचा याची नोंद झाली. संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची नोंद) आजही आहेत. तहसीलच्या किंवा कलेक्टर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मिळते. बाबू 'आता असं काही नसते' म्हणाला तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ज्या जागेला कंपनी 'वापरात नसलेली पडीक' लिहिते, तिच्याच गट नंबरापुढे निस्तार पत्रकात 'चराई' लिहिलेलं निघालं की बोलण्याचा सूर बदलतो.

२. सामूहिक वनहक्काचा दावा राहिला असेल तर तो आधी

२००६ च्या वनहक्क कायद्यातलं कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं 'आय', गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क देतं. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना तो सगळ्यांत आधी मिळाला. मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर मिळाले आणि ते गाव स्वतःच्या बांबूवर उभं राहिलं. हे मेंढ्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. ज्या गावाकडे या हक्काचा पट्टा, म्हणजे मान्यतेचा कागद, आहे त्या गावाशी कंपनीला ग्रामसभेच्या दारातून बोलावं लागतं. पट्टा नसेल तर ती थेट वनविभागाशी बोलते आणि तुम्हाला फलक लागल्यावर कळतं.

दावा सी फॉर्मवर भरायचा. पुरावे किमान दोन. निस्तार पत्रक चालतं, जुने नकाशे चालतात, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब चालतात, देवस्थानं, स्मशान, चराईच्या वाटा चालतात. बिगर-आदिवासी गावांना वाटतं की हा कायदा आपल्यासाठी नाही. आहे. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास आणि जंगलावरचं अवलंबन दाखवावं लागतं, एवढाच फरक.

हद्द फिरायला निघाल तेव्हा मोबाइलवर जीपीएस धरणारं पोरगं लागेलच, पण त्याच्यापुढे गावचा गायकी, म्हणजे गुराखी, चालू द्या. आमच्याकडे कागदावर सरळ रेघ होती तिथे गायकी थांबला आणि डावीकडे वळला. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी आटलं की गुरं ज्या डोहावर जातात तो डोह त्या रेघेच्या पलीकडे होता. पुढे पेनठाणा (गोंडांचं देवस्थान), त्यापुढे दोन गावांची सामायिक मोहाची झाडं. शेजारच्या गावाचे चार लोक सोबत असले तर सामायिक हद्दीवर तिथल्या तिथे सही होते. नाहीतर हाच वाद पुढे कंपनीच्या कामी येतो.

पडताळणीला वन आणि महसूल विभागाला लेखी कळवा. ते आले नाहीत आणि नंतर 'आम्ही हजर नव्हतो' म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम १२-क मध्ये हे आलं. म्हणून नोटिशीची पोच जिवापाड जपायची.

पट्टा आधीच मिळालेला असेल तर तो उघडून वाचा. दावा केला त्यापेक्षा क्षेत्र कमी आहे का, कक्ष क्रमांक (वनविभागाचे जंगलाच्या तुकड्यांचे नंबर) बरोबर आहेत का, कायद्यात नसलेली एखादी अट घुसवली आहे का. नकाशा जोडलेला नसेल तर मागून घ्या. आणि व्यवस्थापन आराखडा करून ठेवा. कोणत्या भागात चराई, कुठे बांबू, कुठे नुसतं राखायचं, हे ग्रामसभेनं आधीच ठरवलेलं असलं की 'तुमच्या जंगलाचं आम्ही नियोजन करून देतो' या बोलण्याला जागाच उरत नाही.

३. ना हरकत: सगळा डाव इथेच होतो

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर सरपंच आणि ग्रामसेवकाची सही असलेला अर्ध्या पानाचा दाखला म्हणजे ग्रामसभेची संमती नव्हे. हे वाक्य घरोघरी पाठ झालं पाहिजे. आपल्याकडे गट ग्रामपंचायती. चार-पाच गावं, दोन टोले (छोट्या वस्त्या), सभा मुख्य गावात. तिथे झालेल्या ठरावावर तुमच्या टोल्याचं जंगल जाऊ शकत नाही, कारण वनहक्क कायद्यात गाव म्हणजे तुमची वस्ती आणि ग्रामसभा म्हणजे तिथल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात, म्हणजे आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळचे काही भाग आणि मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात, हे आणखी भक्कम आहे.

वनहक्काच्या ग्रामसभेला गणपूर्ती निम्म्या सदस्यांची लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात. ती भरत नसेल तर सभा तहकूब करा. रोवणीच्या दिवसांत किंवा तेंदूच्या फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) माणसं असताना कोणी सभा बोलावत असेल तर तारीख बदलून मागा. आमच्याकडे जेवणं आटोपल्यावर रात्री बसलो तेव्हाच बाया पूर्ण आल्या. खरा प्रश्न त्यांच्याकडूनच निघाला. कंपनीच्या सादरीकरणात 'आग पूर्ण बंद' असं होतं. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "मोहाखालचा पाला जाळाचा नाही म्हनता, त मंग फुलं वेचाची कशी?" टॅबवाल्याकडे उत्तर नव्हतं. झाडाखाली जाळी लावता येते, पाला झाडून काढता येतो, हे मार्ग आहेत. पण त्याचा खर्च कोणाचा, हे करारात कुठेच नव्हतं.

पहिल्याच सभेत हो किंवा नाही म्हणायची गरज नसते. नुसता थांबवण्याचा ठराव घ्या. आमचा साधारण असा होता, लागेल तसा बदलून वापरा:

"अमुक कंपनीनं तमुक प्रकल्पाचा प्रस्ताव आज ग्रामसभेसमोर मांडला. ग्रामसभेनं तो ऐकून घेतला. ही संमती नाही. प्रस्ताव, कराराचा मसुदा आणि नकाशा मराठीत मिळेपर्यंत आणि त्यावर स्वतंत्र ग्रामसभा होऊन निर्णय होईपर्यंत गावाच्या पारंपरिक हद्दीत मोजणी, ड्रोन, खड्डे, लागवड आणि कोणाच्याही वैयक्तिक सह्या घेणं थांबवावं. या विषयावर ग्रामपंचायतीनं दिलेला कोणताही दाखला ग्रामसभेची संमती समजू नये."

याची प्रत कंपनी, ग्रामपंचायत, उपवनसंरक्षक, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना. पोच पाचही ठिकाणची.

दोन सापळे इथे खास सांगतो. पहिला हजेरीचा. 'प्रशिक्षण' होतं, नाश्ता होतो, कागदावर सह्या-अंगठे होतात, फोटो निघतात. तीच हजेरी पुढे 'समुदायाशी सल्लामसलत झाली' म्हणून कागदोपत्री जोडली जाते. म्हणून कोणत्याही हजेरीच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं लिहा: 'फक्त हजेरी, संमती नाही', आणि त्याखाली सही करा. दुसरा कोऱ्या पानांचा. ठराव-बुकात 'मागून लिहू' म्हणून सोडलेलं पान दिसलं की त्याच सभेत त्यावर आडवी रेघ मारा.

संमतीचा मुद्दा कोर्टात टिकतो. नियमगिरीच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि ओडिशातल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तो खाणीचा विषय होता, पण हिरव्या प्रकल्पांनाही हेच लागू पडतं. केनियात जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं दोन संरक्षित चराऊ क्षेत्रं लोकांना नीट विचारात न घेता उभी केली म्हणून बेकायदा ठरवली. त्यातलं एक क्षेत्र मोठ्या कार्बन प्रकल्पाचा भाग होतं.

४. समोरचा माणूस नेमका कोण

गावात येणारा बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. तो एका संस्थेचा असतो, संस्था एका सल्लागाराची, सल्लागार विकासकाचा आणि क्रेडिट विकत घेणारा चौथाच. करार कोणाशी होणार आहे त्याचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि सहीचा अधिकार देणारं पत्र मागा.

मग विचारा, प्रकल्प कोणत्या नोंदवहीत आहे. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न दिल्याचं किंवा हवेतून काढल्याचं प्रमाणपत्र. ते कोणीतरी तपासून द्यावं लागतं. वेरा किंवा गोल्ड स्टँडर्ड ही नावं सारखी ऐकू येतील. त्यांच्या नोंदवह्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. प्रकल्प क्रमांक टाकला की आराखडा उघडतो आणि बऱ्याचदा हद्दीची फाइलही मिळते. ती मोबाइलमध्ये गूगल अर्थवर उघडायची आणि आपलं जंगल त्या रेघेच्या आत आहे का ते बघायचं. गावात अजून ठरावही झालेला नसताना हद्द आधीच आखलेली असू शकते. वेरावर नवा प्रकल्प ३० दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवतात. त्या दिवसांत ग्रामसभेचा ठराव इंग्रजी भाषांतरासह पाठवला तर तो नोंदीवर राहतो. भाषांतरासाठी कॉलेजातलं पोरगं पुरतं.

'सरकारचीच योजना आहे' असं म्हणत असतील तर शासन निर्णयाची प्रत मागा. नसेल तर विषय तिथेच संपला.

५. करार वाचायचा कसा

मराठी प्रत हवीच, आणि तीत ही ओळ हवी: 'दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य'. सभेत एकानं मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येक कलमाला थांबायचं. एका रात्रीत होत नाही. होऊही देऊ नका.

सगळ्यांत आधी मुदत बघा. तीस, चाळीस वर्षं असते. आज पाचवीत असलेलं पोरगं पन्नाशीला टेकेपर्यंत ती चालेल. 'मुदत आपोआप वाढेल' असं कलम असेल तर खोडा.

विकलं काय जातंय ते त्यानंतर. 'सदर जमिनीपासून मिळणारे आजचे व भविष्यातील सर्व पर्यावरणीय लाभ' अशी ओळ सापडेल. म्हणजे आज कार्बन, उद्या पाण्याचं क्रेडिट, परवा जैवविविधतेचं, सगळं गेलं. तिथे फक्त 'या प्रकल्पातून, या मुदतीत, नोंदवहीत जारी झालेली कार्बन क्रेडिट' एवढंच ठेवायचं. वनहक्क कायद्यात कार्बनचा उल्लेख कुठेच नाही, त्यामुळे त्याचा मालक कोण यावर कंपनी, वनविभाग आणि गाव तिघेही आपापलं म्हणणं मांडतात. आपल्या बाजूला कलम ४(४) आहे: हे हक्क वारशानं जातात, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत. 'वनहक्कातला कोणताही हक्क या करारानं हस्तांतरित होत नाही' हे वाक्य करारात घालूनच घ्या. ते घालायला जो तयार नाही त्याच्याशी पुढे बोलण्यात काही राम नाही.

आता पैसा. 'निव्वळ नफ्याच्या ४० टक्के' ऐकायला भरगच्च वाटतं. समजा वर्षाला १,००० क्रेडिट निघाली आणि एकाला ५०० रुपये भाव मिळाला. जमा झाले ५ लाख. आता मोजणी, तपासणी, नोंदणी, सल्लागार, कंपनीचं ऑफिस, सगळं मिळून खर्च दाखवला ४ लाख. उरले १ लाख, त्याचे ४० टक्के म्हणजे ४० हजार. तेच 'एकूण विक्रीच्या २० टक्के' असते तर १ लाख आले असते. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हिशेब असाच चालतो. म्हणून टक्का नेहमी एकूण विक्रीवर, सोबत किमान हमी रक्कम, आणि विक्रीच्या पावत्या बघण्याचा हक्क. तेंदूच्या लिलावात भाव जाहीर होतो, इथे तो कोणी सांगत नाही. शिवाय लागवडीच्या प्रकल्पात पहिली क्रेडिट निघायलाच काही वर्षं जातात. तोवर राखणदारी कोणाच्या पैशानं, ते लिहून घ्या.

चराई, सरपण, मोह, तेंदू, बांबू, कंदमुळं यांच्यावरची बंधनं एकत्र काढून वेगळ्या कागदावर लिहा. बंधनं कराराच्या अंगात नसतात, 'परिशिष्टाप्रमाणे' म्हणून मागे असतात आणि परिशिष्ट जोडलेलं नसतं. परिशिष्ट नसेल तर करार अपुरा समजायचा. टीपीवर (वाहतूक परवान्यावर) स्वतःचा बांबू विकणाऱ्या ग्रामसभेनं तर हे दोनदा वाचावं, कारण कापलेला बांबू कंपनीच्या वहीत 'नुकसान' म्हणून लागू शकतो.

वणवा लागला, रोपं करपली, रानडुकरांनी उकरली, तर भरपाई कोणी करायची? कित्येक मसुद्यांत ती गावावर ढकललेली असते. नैसर्गिक आपत्तीत गावाची जबाबदारी शून्य, हे लिहून हवं.

राहिलेली कलमं पटकन: करार दुसऱ्या कंपनीला विकायचा झाल्यास ग्रामसभेची नव्यानं संमती. वाद झाल्यास सुनावणी आपल्या जिल्ह्यात, मुंबई-दिल्लीत किंवा सिंगापुरात नाही. मुखत्यारपत्र कोणालाही नाही. गुप्ततेचं कलम साफ बाद, कारण ग्रामसभेचा कारभार उघडा असतो. आणि ठरलेल्या सूचनेवर दंड न भरता बाहेर पडता येईल ही सोय. बाहेर पडण्याच्या कलमावर कंपनी सगळ्यांत जास्त ताणते. आमची जंगलाची बोलणी तिथेच तुटली.

६. फाइलमध्ये काय काय लागतं

- गावनकाशा, संबंधित गटांचे सातबारे आणि आठ-अ
- निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज यांच्या प्रमाणित नकला
- सामूहिक वनहक्काचा पट्टा नकाशासह, किंवा दाव्याची पोच दिलेली प्रत
- वनहक्क समिती आणि व्यवस्थापन समिती निवडल्याचे ठराव
- व्यवस्थापन आराखडा
- ग्रामसभेच्या नोटिसा, दवंडी दिल्याची नोंद, हजेरी, ठराव
- कंपनीची सगळी पत्रं, मसुद्याची प्रत्येक आवृत्ती तारखेसह
- ग्रामसभेचं स्वतःचं बँक खातं आणि पॅन (पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात नको)

प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो आणि त्या फोटोंची एक प्रत गावाबाहेरच्या कोणाकडे तरी. दप्तर एकाच घरी असलं आणि त्या घरात भांडण झालं की सगळं अडतं.

७. धुऱ्यावर झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी

इथे ग्रामसभा नाही, तुमची सही. वरची करारातली बरीच कलमं तुम्हालाही लागू आहेत. दोन गोष्टी जादा बघा. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून कोणी तुमच्या शेताचा दहा-वीस वर्षांचा पट्टा लिहून घेत असेल तर तो टिकणारा कागद नाही. एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात कंपनीचा बोजा चढणार का, ते आधीच विचारा, कारण पुढे पीककर्जाला बँक तेच बघते. झाड सागाचं लावायचं का बांबूचं, तोडीची परवानगी लागणार का, हेही लागवडीच्या आधी, नंतर नाही.

८. सोलर आणि ग्रीन क्रेडिट

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला हे परवडू शकतं, त्यात वाईट काही नाही. अडचण गायरानाची आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षं ५-५ लाख मिळतात, जागा मात्र कितीतरी जास्त वर्षांसाठी कुंपणाआड जाते. ज्याच्याकडे दोन एकर आणि चार शेळ्या आहेत त्याचा या हिशेबात कुठेच पत्ता नसतो. विरोधच करायचा असेल असं नाही, पर्यायी गट सुचवा. गावातल्या किती घरांची किती जनावरं त्या गटावर चरतात याची यादी घरमालकांच्या सह्यांनिशी जोडली की अर्जाला वजन येतं. कुंपण घालण्याआधी गुरांच्या पाण्याची वाट आणि स्मशानाची वाट नकाशावर लाल शाईनं काढून द्या.

ग्रीन क्रेडिट म्हणजे कार्बन क्रेडिट नव्हे. तो केंद्राचा ऑक्टोबर २०२३ चा वेगळा कार्यक्रम आहे. वनविभाग 'अवनत', म्हणजे झाडी विरळ झालेल्या, जमिनी दाखवतो, पैसे कोणी कंपनी भरते, लागवड होते. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडं आणि झाडामागे एक क्रेडिट होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बदलून पाच वर्षांच्या पुनरुज्जीवनाची आणि ४० टक्के छत्रघनतेची (झाडांच्या शेंड्यांनी जमीन झाकण्याच्या प्रमाणाची) अट आली. तुमच्यासाठी प्रश्न एकच: वनविभागाच्या त्या यादीत तुमची झुडपी, तुमचं चराईचं रान आहे का? कॅम्पाच्या, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या भरपाई-निधीतल्या, लागवडीचंही तेच. माहितीच्या अधिकारात उपवनसंरक्षक कार्यालयाकडे कक्ष क्रमांकनिहाय यादी मागा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या किंवा दावा प्रलंबित असलेल्या क्षेत्राचं नाव त्यात दिसलं तर लगेच लेखी हरकत द्या. नाही दिसलं तरी दर वर्षी एकदा मागत राहा, याद्या बदलतात.

९. काम आधीच सुरू झालं असेल तर

खड्डे खणले गेले, कुंपण लागलं, कोणी आधीच सही करून बसलं, तरी हातपाय गाळू नका. त्याच दिवशी जागेचे फोटो घ्या, मोबाइलवर तारीख आणि ठिकाण उमटेल असे. पोलीस पाटील किंवा कोतवालासमोर पंचनामा करा. तातडीची ग्रामसभा बोलावून काम थांबवण्याचा ठराव करा आणि उपविभागीय समिती व जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हास्तरीय समितीला द्या. वनहक्क पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही, कलम ४(५). कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध कलम ७ आहे. दंड हजार रुपयांपर्यंतचाच, त्यामुळे त्याची भीती कोणाला वाटत नाही. पण कलम ८ प्रमाणे ग्रामसभेनं ठराव करून राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला ६० दिवसांची नोटीस दिली की फाइल हलते.

आदिवासी किंवा दलित माणसाला त्याच्या जमिनीवरून बेकायदा हटवलं किंवा वनहक्काच्या उपभोगात अडथळा आणला, तर तो अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(छ), इंग्रजी प्रतीतल्या 'जी', खाली गुन्हा आहे. हे कलम धमकी म्हणून वापरू नका. खरोखर तसं घडलं असेल तर मात्र तक्रार लेखी द्या आणि डायरी नंबर घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

प्रकल्प नोंदवहीत असेल तर तिथेही तक्रारीची सोय असते. ग्रामसभेचा ठराव, फोटो आणि नकाशा जोडून ईमेल पाठवा. क्रेडिट विकत घेणाऱ्याला वादातला माल नको असतो, त्यामुळे कलेक्टर ऑफिसच्या आधी तिकडून उत्तर येऊ शकतं. आलं तर ते मराठीत करून पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव-बुकात चिकटवा.